चार तळहात जमीन

(दुपार. घराला लागूनच असलेलं गॅरेज. मधोमध पुढचं एक चाक जॅकवर उचललेली, दोनच सीटची, जुनी लाल स्पोर्ट्‌स कार. लेक हातात पाना घेऊन उभी आहे. समोर उलट्या बादलीवर तिची आई बसली आहे, म्हणजे या घरातली आजी. टायरच्या दुकानातला म्हातारा मालक गाडीचा नंबर ऐकताच उभा राहिला, असं लेकीने आत्ताच सांगितलंय. वर वॉशिंग मशीन टिंग टिंग करून थांबतं.)

आजी : उभा राहिला म्हणजे? पूर्ण उभा?

लेक : पूर्ण. खुर्चीचा हात धरून, हळूहळू. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. म्हातारबाबा मागे डोळे मिटून बसले होते. मी मुलाला सांगत होते, वडिलांची जुनी गाडी आहे, येत्या रविवारी सगळ्या जुन्या गाड्या डोंगराच्या रस्त्याने वर नेणार आहेत, त्यात मी ही नेणार, मला रुंद टायर हवेत. त्याने गाडीचा नंबर विचारला. मी सांगितला, आणि मागून म्हातारबाबा उठले.

आजी : गुडघे गेलेत त्याचे.

लेक : तुला काय माहीत? आणि विषय बदलू नकोस. ते म्हणाले, ही गाडी साहेबांची नव्हे, बाईंची. मग मला विचारलं, बाई अजून डावा हात खालीच धरतात का?

आजी : तू काय सांगितलंस?

लेक : काय सांगणार? म्हटलं, बाई म्हणजे माझी आई असेल तर ती गाडी चालवत नाही. बाजारात जायचं तरी बसने जाते. त्यावर हसलेसुद्धा नाहीत. नुसते बघत राहिले, कुणी स्वतःच्याच दारात उभं राहून स्वतःच्या घराचा पत्ता विचारावा तसं.

आजी : पुढे?

लेक : पुढे काय, मुलाला म्हणाले, पंधराचं एकच चाक दे. एकच. बाईंना दाखवा, त्यांनी मान हलवली तर उरलेली तीन देतो.

आजी : शहाणा आहे.

लेक : आई.

आजी : काय?

लेक : तू ही गाडी चालवायचीस?

आजी : चालवायचे कसली. चालवतात ती बस.

लेक : मग?

आजी : पळवायचे.

लेक : अगं, बत्तीस वर्षांची झाले मी. वर जिन्यात शर्यतीचा फोटो आहे, त्यात कप कुणाच्या हातात आहे? बाबांच्या. हेल्मेट कुणाच्या काखेत? बाबांच्या.

आजी : फोटो नीट बघ एकदा. डावीकडे कडेला एक कोपर आलंय. ते माझं. मी हातमोजे काढत होते, म्हणून कप त्यांच्याकडे दिला. फोटोवाल्याला वाटलं, ज्याच्या हाती कप तो मालक. तुझे बाबा म्हणाले, परत काढायला सांगू का? मी म्हटलं राहू दे, मला भूक लागलीय.

लेक : कोपर.

आजी : बरं आलंय तसं.

लेक : आणि दर रविवारी बाबा खाली येऊन इंजिन चालू करून बसायचे ते?

आजी : ते मला बोलवायला. त्यांना वाटायचं, आवाज ऐकून येईल खाली. मी वर कपडे वाळत घालता घालता ऐकायचे. इंजिनाचा एखादा सिलेंडर ठोका चुकत असला की गॅलरीतून ओरडून सांगायचे.

लेक : मला वाटायचं तू आवाजाला वैतागून ओरडतेस.

आजी : वैतागायचेच की. चुकतोय हे गाडीत बसलेल्या माणसाला कळू नये?

लेक : ते काय करायचे मग? शर्यतीत?

आजी : घड्याळ धरायचे. खाली उभे राहायचे, मी निघाले की चालू, आणि वर पोचल्याचा निरोप आला की बंद. मधली साडेचार मिनिटं त्यांनी कशी काढली असतील ते त्यांनाच ठाऊक. बाकी कधी बोलले नाहीत. आता तुझं चाक दाखव, किती वेळ जॅकवर लटकवून ठेवणार?

लेक : दाखवते. पण आता मला सांगायची भीतीच वाटायला लागली.

आजी : भिऊ नको, मी काही खात नाही.

लेक : हे बघ. जुना टायर एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंद. त्याची भिंत, म्हणजे चाकाच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर, रुंदीच्या सत्तर टक्के. आत तेरा इंची चाक. सगळं मिळून उंची भरते पाचशे एकोणनव्वद. आता नवा : दोनशे पाच रुंद, भिंत रुंदीच्या निम्मी, आत पंधरा इंची चाक. उंची पाचशे शहाऐंशी. तीन मिलिमीटरचा फरक, आई. चाक मोठं झालं, भिंत लहान झाली, बेरीज तिथेच राहिली. म्हणजे वेगाचा काटाही खोटं बोलणार नाही.

आजी : हे कधी मांडलंस?

लेक : छोटी दुपारी झोपते तेव्हा. तिच्याच चित्रांच्या वहीत, मागच्या पानांवर.

आजी : आण इकडे वही. हं. रेघ अजून तशीच ओढतेस. छोटी व्हायच्या आधी नोकरीत पुलांची चित्रं काढायचीस तशी.

लेक : बरोबर आहे का ते सांग.

आजी : आकडे चोख आहेत. मी हे बोटांनी करायचे, तू तीन मिलिमीटरपर्यंत नेलंस. आणि चाक बसतं कुठे ते पाहिलंस?

लेक : पाहिलं ना. हे काय, आत्ताच बसवलं. हाताने गरगर फिरतंय. वर पत्र्यापर्यंत चांगली चार बोटं जागा आहे.

आजी : जॅक काढ.

लेक : काढला. बघ, आता दोन बोटं. तरी पुष्कळ आहे.

आजी : गाडीत बस.

लेक : मी?

आजी : नाहीतर कोण? आणि शेजारच्या सीटवर ते पाण्याचे दोन कॅन ठेव. वीस वीस लिटरचे आहेत. दोन कॅन म्हणजे साधारण मी.

छोटी : आजी म्हणजे दोन कॅन?

लेक : उठलीस का तू? चप्पल घाल आधी, खाली तेल सांडलंय.

आजी : ये गं राणी. बरी आलीस. तुझी ती खेळायची माती आहे ना, निळी? घेऊन ये पळत.

छोटी : निळी कशाला? निळीचा मी हत्ती केलाय.

आजी : हत्तीला गाडीखाली काम आहे.

छोटी : पूर्ण हत्तीला?

आजी : पाय दिले तरी चालतील.

लेक : आई, माती कशाला?

आजी : चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून लावायची. इथे, मागच्या बाजूला, आणि इथे. बोटभर जाडीच्या गोळ्या. मग गाडी हलवायची. डोळ्यांना दिसत नाही ते माती सांगते. आम्हाला कोण देणार होतं नाहीतर माप काढून?

छोटी : हे घे. चार पाय आणि सोंड. सोंड मला परत पाहिजे.

आजी : मिळेल. ये, माझ्यापाशी इथे पायरीवर उभी राहा, माझा हात सोडू नको. तू गं, हळूच फाटकापर्यंत ने. फाटकाच्या त्या उंचवट्यावर पुढची चाकं चढू दे, तिथे स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळव, आणि तशीच मागे ये.

छोटी : आजी, गाडी गुरगुरते.

आजी : हं. ऐक तू पण.

छोटी : आता दुसरा आवाज आला. दात खाल्ल्यासारखा.

आजी : ऐकलंस ना? तुझे कान आजोबांपेक्षा बरे. बस बस, थांबव आता. बंद कर. उतर.

लेक : घासलं?

आजी : हातच्या काकणाला आरसा कशाला? हात घाल आत.

लेक : माती सपाट झालीय. अगदी कागदासारखी. आणि एक गोळी कापलीच गेली. पण माझं माप तर...

आजी : माप रिकाम्या गाडीचं होतं. चाक हवेत, आत कुणी नाही, स्टिअरिंग सरळ. तशी गाडी दुकानात उभी असते. रस्त्यावर ती माणसं घेऊन असते, वाकलेली असते, वळत असते. माप घ्यायचं ते माणसांसकट.

लेक : चार दुपारी नकाशे काढले मी. एकदाही आत बसून बघावं असं डोक्यात आलं नाही.

आजी : माझ्याही आलं नव्हतं. माझा पहिला टायर तिसऱ्या वळणावर चिरफाळला. तोच टायरवाला, तेव्हा चांगला तरणाताठा, तो वर चालत आला होता दुसरं चाक खांद्यावर घेऊन. म्हणाला, बाई, पत्र्याला माती लावत जा. तेव्हापासूनची ती माती.

छोटी : सोंड द्या माझी.

आजी : ही घे. जरा चपटी झालीय.

लेक : मग आता? तेराच्या मापात चांगलं रबर मिळतच नाही म्हणाले. मालवाहू गाड्यांचे कडक टायर तेवढे येतात. आणि रुंद तर घासतंय.

आजी : समज घासलं नसतं. तरी रुंद कशाला हवं होतं तुला?

लेक : पकड वाढावी म्हणून. जास्त रबर रस्त्याला टेकलं म्हणजे वळणावर गाडी सुटणार नाही. सरळ आहे.

आजी : सरळ दिसतं खरं. वहीची चार पानं फाड. चित्राची नको, कोरी. एक पान समोरून चाकाखाली सरकव. अडेपर्यंत. अडलं? राहू दे तसंच. एक मागून. आता दोन्ही कडांनी एकेक. बास, ढकलू नको. आता खाली बसून बघ. चारही कागदांच्या मध्ये जी जागा उरली, तेवढंच रबर जमिनीला टेकलंय.

लेक : एवढंच?

आजी : तेवढंच.

लेक : आई, ही तर... ही तर माझ्या तळहाताएवढी आहे.

आजी : चार चाकं, चार तळहात. मोठी गाडी घे, लहान घे, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच. अख्खी गाडी, इंजिन, आत बसलेली माणसं, त्यांचा वेग, सगळं त्या चार तळहातांवर असतं.

छोटी : माझा हात ठेवून बघू? बघ, माझे दोन हात मावले.

लेक : मी इतकी वर्षं माझी रोजची गाडी चालवते. हिला मागे बसवून शाळेत सोडते, पावसातून, ट्रकच्या शेजारून. आणि आम्ही एवढ्याशा जागेवर उभ्या असतो?

आजी : मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर पायी फिरले.

लेक : आणि जुना टायर अरुंद, म्हणजे त्याचा तळहात याहून लहान असणार.

आजी : तिकडच्या बाजूला अजून जुनंच चाक आहे. त्याच्याखाली सरकव कागद. हं. आता दोन्ही मापं शेजारी धर.

लेक : थांब. रुंदीला कमी आहे, पण लांबीला जास्त. एकूण जागा... थांब, मोजते. जवळजवळ तेवढीच आहे की.

आजी : गाडीचं वजन तेच, आतली हवा तेवढीच. मग जमीन तरी जास्त कुठून मिळणार? रुंद टायरने तळहात आडवा होतो, अरुंदने उभा. फायदे दोन्हींचे आहेत. पण आडवा झाला की स्टिअरिंग जड होतं. माझे अंगठे बघ. वरून ढकलण्याइतकी ताकद तेव्हाही नव्हती. म्हणून मी डावा हात खाली धरून ओढायचे. लोक हसायचे, भांडी घासल्यासारखी चालवते म्हणून. नंतर हसेनासे झाले.

लेक : तुझे अंगठे कशाला? गाडी तर मी नेणार आहे ना?

आजी : हो, तूच. मी आपली सांगतेय.

लेक : आई.

आजी : डिकीत काय आहे? मघापासून तिथे काहीतरी खडखडतंय.

लेक : अरे हो, विसरलेच. मी निघताना म्हातारबाबांनी मुलाला अजून एक चाक द्यायला लावलं, आल्यावर मी ते या डिकीत टाकलं. मी म्हटलं, हे मी मागितलं नाही. म्हणाले, राहू दे, बाई विचारतील.

आजी : वाच काय लिहिलंय.

लेक : एकशे पंच्याऐंशी, साठ, चौदा. म्हणजे रुंदी जुनीच, भिंत थोडी कमी, चाक एक इंच मोठं. उंची... पाचशे अठ्ठ्याहत्तर. अकरा मिलिमीटरने लहान होतं हे.

आजी : लहानच बरं. चढावर पाऊल लहान टाकावं. इंजिनाला ओढायला हलकं जातं.

लेक : काटा थोडा जास्त वेग दाखवेल.

आजी : दाखवू दे. या वयात कुणी जास्त सांगितलं तर बरंच वाटतं. बसव. नट एकाशेजारचा एक आवळू नकोस, समोरासमोरचे आवळ. आणि माती बदल, कॅन राहू देत.

लेक : तू एवढं सगळं पोटात ठेवून बसलीस. मला कधीच का नाही सांगितलंस?

आजी : तू विचारलं नाहीस.

लेक : न विचारता सांगतात आया. माझ्या पहिल्या दाताची गोष्ट तू दहा वेळा सांगितली आहेस.

आजी : ती गोष्ट सोपी होती. या गोष्टीचा शेवट मलाच नीट सांगता येत नाही.

लेक : सांग तरी.

आजी : नट आवळून घे आधी.

लेक : आवळले. सांग.

आजी : डोंगराच्या त्या रस्त्यावर नववं वळण आहे. डावीकडे जाणारं. बाहेरच्या अंगाला झाड नाही, कठडा नाही. समोर नुसतं आकाश. तिथे सगळे जण वेगाच्या पेडलवरचा पाय उचलायचे. चांगले चांगले बाप्ये उचलायचे. मी उचलत नसे.

लेक : का?

आजी : धाडस म्हणशील तर तसं काही नव्हतं. गाडी सांगायची मला. बसल्या जागी कमरेतून कळायचं, चारही तळहात जमिनीवर आहेत. एक जरी सुटायला लागला तरी कळायचं. मग कशाला उचलायचा? नऊ वर्षांत एकदाही उचलला नाही. शेवटच्या वर्षी निघाले. गाडी इतकी छान चालली होती की आधीची आठ वळणं कशी गेली आठवतही नाहीत. नववं आलं, आकाश आलं, आणि पाय वर आला.

लेक : घाबरलीस?

आजी : तेच तर. भीती नाही, घसरण नाही, काही नाही. मी उचलला नाही गं, तो उचलला गेला. दुसऱ्या कुणीतरी घोट्याला धरून उचलावा तसा. वर पोचले, दुसरा नंबर आला, दोन सेकंदांनी गेला पहिला. सगळे म्हणाले, इंजिन कमी पडलं. मीही हो म्हटलं. घरी आले, दोन आठवडे मला झोप नाही. पायाला रोज विचारायचे, अरे का?

लेक : मग?

आजी : मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवस गेलेत. मोजून बघितलं. त्या रविवारी तू होतीस.

लेक : आणि तुला माहीत नव्हतं.

आजी : मला नव्हतं माहीत. तुझ्या बाबांना नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं. पायाला होतं.

लेक : आई...

आजी : रडू नकोस, नाक गाडीच्या फडक्याला पुसशील. त्याला ग्रीस आहे.

लेक : म्हणजे माझ्यामुळे तू सोडलीस.

आजी : सोडली असती तर विकली नसती का? नुसती झाकून ठेवली. तुझे बाबा म्हणायचे, चालव, मी आहे पोरीजवळ. मी म्हणायचे, एक वर्ष जाऊ दे. मला कुणी अडवलं नाही, आणि तू तर मुळीच नाही. पण तोवर मी एकटीच्या वजनाने चालवत आले होते. दोघींचं वजन घेऊन कसं चालवायचं ते मला येत नव्हतं. शिकेन म्हटलं. एकाची दोन झाली, दोनाची पाच. वर्षं काय विचारून जातात?

लेक : मी आत्ता तुझ्याकडे बघतेय, आणि मला कळत नाहीये मी कुणाकडे बघतेय.

आजी : पाण्याच्या दोन कॅनकडे.

लेक : हसवू नकोस.

आजी : चल, चक्कर मारून ये. फाटक, उंचवटा, टोकापर्यंत वळण.

छोटी : या वेळी दात नाही खाल्ले.

आजी : नाही ना? माती बघ.

लेक : जशीच्या तशी. हत्तीच्या पायावर तुझ्या बोटांचे ठसे आहेत अजून.

आजी : उद्या त्याला फोन कर. म्हणावं, चौदाची अजून तीन दे. आणि हवा दोन माणसांची भर म्हणावं.

लेक : दोन? रविवारी मी एकटीच जाणार होते.

आजी : हो, ते ऐकलं मी.

लेक : आई, नीट बोल. तुला यायचंय?

आजी : नुसतं यायचं असतं तर अंगठ्यांचा विषय कशाला काढला असता? शेजारी बसून अंगठे काय करतात?

लेक : तू नेणार.

आजी : वर मी नेईन. शर्यत नाही, घड्याळ धरायला कुणी नाही, हळूच जाऊ. येताना तू आण. आणि वर जाताना तू शेजारी बसायचं. कॅन नाही.

लेक : आणि नववं वळण?

आजी : मला काय विचारतेस? मला तेव्हाही शेवटीच कळलं होतं.

लेक : जमेल तुला?

आजी : माहीत नाही. म्हणून तर जायचंय.

लेक : जरा बसून दाखव ना. आत्ता. इंजिन बंदच राहू दे, नुसती बस.

आजी : हा दरवाजा केवढा खाली गेला. धर जरा मला. हं. सीट पुढे घे. अजून. बास.

लेक : डावा हात खाली गेला तुझा. आपोआप.

आजी : गेला का? असेल.

छोटी : आजी, ही गाडी तू झाकलीस तेव्हा आई तुझ्या पोटात होती?

आजी : होती की. एवढीशी.

छोटी : आणि मी आईच्या पोटात होते?

लेक : तू नंतर. खूप नंतर.

छोटी : मग मी पोटात आले तेव्हा तू काय झाकून ठेवलंस, आई?